सावित्रीबाईंना शिकविले कोणी?

मिशनच्या शाळा, आपल्या मुली आणि एक राहून गेलेला हिशेब

दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या वस्तीतल्या विहारात सावित्रीमाईंची जयंती होते. फोटोला हार, मेणबत्ती, अगरबत्ती, त्रिसरण-पंचशील आणि मग मुलींची भाषणे. भाषणे बहुधा पाठ केलेली असतात, तरी ऐकताना आयांच्या डोळ्यांत पाणी येतेच. अशाच एका जयंतीला नववीतल्या एका मुलीने भाषण संपल्यावर माईक सोडला नाही. तिने विचारले, "सावित्रीबाईंनी आपल्याला शिकवलं. पण सावित्रीबाईंना कोणी शिकवलं?" पुढे बसलेले एक काका म्हणाले, "जोतिबांनी." मुलगी लगेच म्हणाली, "मग जोतिबांना?" सभेत हशा पिकला. अध्यक्षांनी "प्रश्न छान आहे" असे म्हणून चहाची घोषणा केली आणि कार्यक्रम संपला.

चहा झाला, पण उत्तर राहिलेच. आम्हांला वाटते, ते उत्तर आपल्या समाजातल्या प्रत्येक घरी माहीत असले पाहिजे. त्यात गोऱ्या मिशनरी बाया आहेत, महारवाडा-मांगवाडा आहे, नोकरी गमावलेली एक मास्तरीण आहे आणि बाबासाहेबांनी केलेली कडक झडतीही आहे. नुसते उपकार सांगितले तरी ते खोटे होईल आणि नुसते दोष सांगितले तरी खोटेच होईल. म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

जोतिबांची शाळा

जोतीराव लहानपणी पंतोजीच्या शाळेत गेले आणि मग गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात घातले. माळ्याच्या पोराला शिकून काय करायचे, असे शहाणपण सांगणारे तेव्हाही होते. पण शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. ती शाळा होती पुण्याच्या स्कॉटिश मिशनची, म्हणजे स्कॉटलंडहून आलेल्या प्रॉटेस्टंट पाद्र्यांची. १८४७ पर्यंत ते तिथे शिकले.

शिक्षण संपल्यावर ते आपले मित्र सदाशिव गोवंडे यांच्याबरोबर अहमदनगरला गेले. आज त्या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. तिथे त्यांनी मिस सिंथिया फॅरार या अमेरिकन बाईंची मुलींची शाळा पाहिली. आपल्या देशात बायकांना शिक्षण नाही ही गोष्ट त्यांच्या मनाला आधीच टोचत होती. इथे त्यांनी मुली ओळीने बसून वाचताना डोळ्यांनी पाहिल्या. ही शाळा पाहून आपण प्रभावित झालो, हे त्यांनी पुढे १८५३ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रातून स्वतःच सांगितले. पुण्यास परतल्यावर त्यांनी सावित्रीबाईंना शिकवून तयार केले आणि १८४८ साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या अध्यापक वर्गात घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

तर बाळ, तुझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे असे आहे. पण ही फॅरारबाई नगरला आली कशाला?

बायबल वाचायला अक्षर लागते

१८१३ साली फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. धर्मप्रचाराने लोक बिथरतील आणि व्यापाराला धक्का बसेल, ही त्या सरकारची भीती. त्यांना परत पाठविण्याचे हुकूम निघाले. पण त्याच साली विलायतेच्या पार्लमेंटने कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. १८१५ पासून मुंबईत त्यांच्या शाळा सुरू झाल्या आणि १८२४ मध्ये मुलींची शाळा निघाली. १८२९ मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन यांनीही मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्या इथेच वारल्या.

सिंथिया फॅरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या. लग्न न झालेल्या एकट्या बाईला सातासमुद्रापार पाठविण्याची रीत त्या काळी अमेरिकेतही फारशी नव्हती. आल्या त्या मुलींच्या शाळांवर देखरेख करायला. १८३९ मध्ये त्या नगरला गेल्या आणि १८६२ साली नगरलाच त्यांचा शेवट झाला. सुमारे ३४ वर्षे या बाईने मराठी मुली शिकविण्यात घालविली.

हे सारे निव्वळ दयेपोटी होते काय? नाही. मिशनऱ्यांना आपल्या लोकांना ख्रिस्ती करायचे होते आणि ते त्यांनी लपविलेही नाही. पण प्रॉटेस्टंट पंथाची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्यांच्या मते प्रत्येक माणसाने बायबल स्वतः वाचले पाहिजे, आणि तेही आपल्या मातृभाषेत. मधे कोणी भट-पुजारी नको. म्हणजे शेतमजुराला अक्षर आले पाहिजे, त्याच्या बायकोला आले पाहिजे आणि त्याच्या मुलीलाही आले पाहिजे. जिथे मिशन गेले तिथे आधी छापखाना आणि शाळा गेली ती यासाठी. आपल्याकडे जे ग्रंथ पवित्र मानले गेले, ते शूद्राने आणि स्त्रीने ऐकले तरी पाप होते. दोन धर्मांच्या या रीतींत जो फरक होता, त्याच फटीतून आपल्या पूर्वजांच्या घरात पहिल्यांदा पाटी आली.

सुरुवातीला मुली मिळत नसत. मुलगी शिकली तर विधवा होते, अशी समजूत घराघरात होती. शाळेतले पंतोजीही बरेचदा ब्राह्मणच असत, कारण दुसऱ्या कोणाला अक्षर येतच नव्हते. मुलींना शिकविले जाई ते वाचन, लिहिणे, शिवणकाम आणि बायबल. चांगली ख्रिस्ती पत्नी आणि चांगली आई घडविणे हाच हेतू होता. बाईने पुरुषाच्या बरोबरीने उभे राहावे, असा विचार बहुतेक मिशनऱ्यांच्या मनातही नव्हता. पण वाचायला शिकलेली मुलगी पुढे काय वाचील आणि त्यावर काय विचार करील, हे शिकविणाऱ्याच्या हातात राहत नाही.

मांगवाड्यातली मुक्ता

याचा पुरावा हवा असेल तर 'ज्ञानोदय'चाच घ्यावा. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेले हे अमेरिकन मिशनचे पत्र. त्यात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत एक निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लिहिणारी होती मुक्ता साळवे. जोतिबा-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी ही मांग समाजाची मुलगी तेव्हा जेमतेम १४ वर्षांची होती.

त्या मुलीने काय लिहिले? वेद ब्राह्मणांचे, त्यावर आमचा हक्क नाही, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असा सवाल तिने केला. पेशवाईत मांग-महारांचे काय हाल झाले ते सांगितले. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, हे तिने लिहिले. पुस्तकात न सापडणारे हे दुःख तिने मांगवाड्यात उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. आणि शेवटी आपल्या लोकांना सांगितले की, शिका.

इथे नीट लक्ष द्यावे. ही शाळा मिशनची नव्हती, फुल्यांची होती. शाळेसाठी पोरे गोळा करायला लहुजी मांग आणि राणबा महार दारोदार फिरले होते. पण तिचे लिहिणे छापायला १८५५ साली जे पत्र पुढे आले ते मिशनचे होते. फुल्यांनी मिशनची शाळा पाहिली आणि आपली स्वतःची काढली. त्या शाळेत मांगवाड्यातली मुलगी शिकली आणि तिचा आवाज मिशनच्या कागदावरून महाराष्ट्राला ऐकू गेला. शिक्षण असे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले. आणि जोतिबांनी स्वतः ख्रिस्ती धर्म घेतला नाही, हेही लक्षात ठेवावे. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. ज्या मिशनकडून शिकले त्यांचे आभार मानले, पण डोके गहाण ठेवले नाही.

सरकारी शाळांची त्या वेळी काय तऱ्हा होती तेही पाहू. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. हे प्रकरण वरच्या सरकारपर्यंत गेले. पुढे बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन दिले, त्यात हे उदाहरण आहे. त्याच निवेदनात १८८१-८२ सालचे मुंबई इलाख्याचे आकडे आहेत. प्राथमिक शाळांत अस्पृश्य मुले होती २,८६२, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. कॉलेजात एकही नव्हता. १८८२ मध्ये जोतिबांनी हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात हेच दुखणे मांडले होते. सरकारी शाळेचे दार कागदावर उघडे आणि गावात बंद, असा तो कारभार होता.

अक्षरापाठोपाठ पगार

मिशनच्या कामातून आणखी एक गोष्ट झाली. बाईला घराबाहेर अशी नोकरी मिळाली, जिच्यात पगार होता आणि मानही होता. आपल्या आज्या-पणज्या कष्ट करीतच होत्या. मोळ्या विकल्या, रस्ते झाडले, बांधावर राबल्या. पण बाई मास्तरीण झाली, नर्स झाली, ही वाट नवीन होती. शिकलेल्या मुलीला मिशन शाळेत शिकवायला घेई. घरोघरी जाऊन बायकांना वाचून दाखविणाऱ्या 'बायबल बाया' असत, त्यांना पगार मिळे. पुढे दवाखाने आले. डॉ. वॅनलेस यांचे मिरजेचे मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचे. अशा दवाखान्यांतून नर्सिंगचे शिक्षण मिळू लागले. उच्चवर्णीय घरांतून तेव्हा नर्सच्या कामाला मुली पाठवीत नसत, कारण त्यात सगळ्या जातींच्या रोग्यांना हात लावावा लागे. ज्यांना जन्मभर अस्पृश्य म्हटले, त्यांच्यातल्या मुलींनी तो हात लावला आणि रोगी बरे केले.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी शाळेत धड्यातून वाचले असेल. कवी ना. वा. टिळकांची ही पत्नी सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली. जातपात मनातून काढायला आपल्याला किती झगडावे लागले, हे त्यांनी त्या पुस्तकात मोकळेपणी सांगितले आहे. बामणाच्या घरात जन्मलेल्या बाईलाही माणूस व्हायला कष्ट पडले, हे वाचून आपल्या मुलींनाही धीर येईल.

दक्षिणेतली लढाई

हे सगळे केवळ महाराष्ट्रात घडले असे नाही. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात, आजच्या कन्याकुमारी जिल्ह्याच्या भागात, लंडन मिशनचे काम १८०६ पासून सुरू झाले. त्या मिशनला तिथे बोलावून आणणारा माणूस परैया समाजातला, म्हणजे आपल्यासारखाच अस्पृश्य. धर्मांतरानंतर त्याचे नाव वेदमाणिकम झाले. तंजावरला गेला असताना त्याने पाद्र्यांना गाठले आणि मैलाडी या आपल्या गावी माणूस पाठवा म्हणून सांगितले. इतिहास सांगताना गोऱ्याचे नाव पुढे येते आणि बोलावणाऱ्याचे मागे राहते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

त्या संस्थानात नाडार जातीच्या बायकांना छाती झाकण्याची मुभा नव्हती. वरच्या जातीपुढे अंग उघडे ठेवणे हीच अदब मानली जाई. मिशनच्या शाळेत आलेल्या मुली आणि बाया झंपर घालू लागल्या, वर पदर घेऊ लागल्या. बाजारात त्यांची वस्त्रे फाडली गेली, शाळा आणि प्रार्थनाघरे जाळली गेली. हा झगडा थांबत-पेटत जवळजवळ ५० वर्षे चालला. अखेर जुलै १८५९ मध्ये संस्थानाला जाहीरनामा काढून नाडार बायकांना अंग झाकण्याचा हक्क द्यावा लागला. तोसुद्धा अर्धामुर्धा होता. वरच्या जातीच्या बायकांसारखे वस्त्र नेसायचे नाही, अशी अट होतीच. तरी अंगभर वस्त्र हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, हे त्या बायांनी मार खाऊन सिद्ध केले. महाडला १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी आपल्या बायांना स्वच्छ राहा, नीट लुगडे नेसा, जातीची खूण दाखविणारे दागिने टाका आणि मुलींना शाळेत घाला असे सांगितले. त्या सांगण्याचा अर्थ त्रावणकोरच्या या हकिकतीवरून अधिक उमगतो. कपडा आणि पाटी या दोन्ही गोष्टी गुलामगिरीविरुद्धच्या आहेत.

दीडशे वर्षांनी काय उरले?

शाळा बंद पडल्या, पाद्री गेले, राज्य बदलले. मग त्या कामाचे आज काय उरले आहे? अलीकडच्या विद्वानांनी हा प्रश्न आकडेवारीने तपासला आहे. अर्थशास्त्रज्ञ नेथन नन यांनी २०१४ मध्ये आफ्रिकेविषयी अभ्यास प्रसिद्ध केला. वसाहतींच्या काळात जिथे प्रॉटेस्टंट मिशन होते, त्या भागात पुढच्या पिढ्यांतील बायकांचे शिक्षण जास्त आढळले. जिथे कॅथलिक मिशन होते तिथे पुरुषांचे शिक्षण वाढलेले दिसले, बायकांचे तसे दिसले नाही. दोन्ही मिशने ख्रिस्तीच, पण एकाने मुलींच्या वाचण्यावर भर दिला, म्हणून निकाल वेगळा लागला. भारतातल्या जिल्ह्यांचा असा अभ्यास तोमिला लंकिना आणि लुल्लित गेताच्यू यांनी २०१३ मध्ये मांडला. मिशनच्या कामाचा ठसा इंग्रजी अमलातल्या आणि स्वातंत्र्यानंतरच्या स्त्री-साक्षरतेवरही दिसतो, असे त्यांना आढळले.

यालाही दुसरी बाजू आहे. मिशनरी बहुधा जिथे रस्ता होता, बंदर होते, हवा बरी होती अशा ठिकाणी जाऊन राहिले. अशा जागा पुढे तशाही सुधारल्या असत्या, असे दुसरे अभ्यासक दाखवून देतात. त्यामुळे सगळे श्रेय मिशनच्या पदरात टाकता येत नाही. पण कष्टकरी घरातल्या माणसाला यातली मूळ गोष्ट आकडे नसतानाही कळते. आजी शिकली तर आई शिकते, आई शिकली तर नात शिकते. एका पिढीत शिकलेली एक बाई चार पिढ्यांना पुरते. १९०१ च्या खानेसुमारीत साऱ्या हिंदुस्थानात शंभर बायांत एकसुद्धा साक्षर नव्हती. २०११ च्या जनगणनेत शंभरात सुमारे ६५ साक्षर होत्या. मधल्या ११० वर्षांत कोणाच्या घरी अक्षर आधी आले आणि कोणाच्या घरी उशिरा, यावर पुष्कळ काही ठरले.

जाईबाईंची नोकरी

आता हिशेबाची दुसरी बाजू. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचे नाव आपल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असले पाहिजे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकाने अशा कितीतरी बायांची आठवण जपून ठेवली आहे. जाईबाई १८९२ च्या. महार समाजातल्या. रेल्वे स्टेशनावर त्या हमाली करीत, लोकांचे सामान डोक्यावरून वाहत. एका मिशनरी बाईने त्यांना हेरले आणि मिशनच्या शाळेत शिकविण्याचे काम मिळवून दिले. डोक्यावरचे ओझे उतरले आणि हातात खडू आला.

पण शिकविणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्ण पालकांनी आपली मुले शाळेतून काढली. शाळा ओस पडू लागली. आणि नोकरी गेली ती जाईबाईंची. 'तुमची मुले गेली तर जाऊ द्या, बाई इथेच शिकवील' असे म्हणण्याचे बळ त्या शाळेकडे नव्हते. येशूपुढे सगळे सारखे असतील, पण शाळेच्या हजेरीपटापुढे नव्हते.

जाईबाई रडत घरी बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात स्वतःची शाळा काढली. तिला चोखामेळ्याचे नाव दिले आणि आपल्या वस्तीतल्या मुली गोळा केल्या. मिशनने शिकविले, मिशनने बाहेर काढले, आणि जाईबाईंनी शिकलेले घेऊन आपले दार आपण उघडले. जोतिबांनी ७४ वर्षांपूर्वी पुण्यात जे केले, तेच एका हमाल बाईने नागपुरात केले.

बाबासाहेबांची झडती

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा विचार केला नव्हता असे नाही. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्या दारी आले, त्यांत ख्रिस्तीही होते. बाबासाहेबांनी त्यांच्या कामाचा बारकाईने अभ्यास केला. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेला निबंध त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहे. शिक्षण आणि दवाखाने यांबाबत मिशनऱ्यांनी केलेले काम त्यांनी नाकारले नाही. पण त्या शाळा-कॉलेजांचा आणि दवाखान्यांचा मोठा फायदा सवर्ण हिंदूंनीच उचलला आणि अस्पृश्यांतून आलेल्या ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला त्या मानाने थोडे आले, असे त्यांनी दाखवून दिले. धर्म बदलूनही चर्चमधली जात गेली नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलतानाही त्यांनी परखड सांगितले की, माणूस ख्रिस्ती केला की काम झाले असे मिशनऱ्यांना वाटते, त्याच्या राजकीय हक्कांकडे ते पाहत नाहीत.

शिवाय आपल्याकडे अक्षर यायला मिशन हीच एक वाट नव्हती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे पलटणीतल्या शाळेत मास्तर होते. पलटणीत सैनिकांच्या मुलांना आणि मुलींनाही शिक्षण सक्तीचे होते, त्यामुळे अनेक महार घरांतल्या बायाही वाचू लागल्या होत्या, हे बाबासाहेबांनी नोंदविले आहे. पुढे महारांची भरती बंद झाली आणि ती वाट बुजली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. आणि मग बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद कॉलेज. दुसऱ्याने दार उघडायचे आणि आपण आत जायचे, ही गोष्ट त्यांनी संपविली. आता दारही आपले, किल्लीही आपली.

आपले ख्रिस्ती भाऊबंद

नगर, नेवासा, वडाळा या भागात जा. एकाच जुन्या महारवाड्यातली दोन घरे दिसतील, एक ख्रिस्ती आणि एक बौद्ध. आडनाव एकच, पणजोबा एकच. एकाच्या भिंतीवर क्रूस, दुसऱ्याच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. १९९० मध्ये कायदा बदलला आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या आपल्या भावांना त्या दुरुस्तीतही जागा मिळाली नाही. जातीचा चटका मात्र त्यांनाही तोच बसला. एकमेकांना 'तुम्ही पावासाठी गेलात' आणि 'तुम्ही सवलतींसाठी गेलात' असे टोमणे मारून दोन्ही घरांचे नुकसानच झाले. त्यांच्या आजीने मिशनच्या शाळेत जे अक्षर गिरविले आणि आपल्या आजीने बाबासाहेबांच्या हाकेने जे गिरविले, ते अक्षर एकच आहे.

आता आपल्या घरात

इतिहास सांगून झाला, आता घरातले बोलू. मिशनच्या शाळांमधून जो मोठा धडा मिळतो तो धर्माचा नाही. मुलीसाठी कोणीतरी ३४ वर्षे एका जागी टिकून राहिले तर फरक पडतो, असा तो धडा आहे. फॅरारबाई टिकल्या. सावित्रीबाई शेण-दगड झेलून टिकल्या. जाईबाई नोकरी जाऊनही टिकल्या. आपण किती टिकतो?

दहावी झाली की "पुरे झालं, आता स्थळ बघा" असे म्हणणारी घरे आपल्या वस्तीत आजही आहेत. पाणी भरायला मुलगी, धाकट्याला सांभाळायला मुलगी, आई कामावर गेली की स्वयंपाकाला मुलगी. मुलासाठी क्लासची फी भरली जाते आणि मुलीला सांगितले जाते की, घरीच अभ्यास कर. विहारात आपण सावित्रीबाईंना हार घालतो आणि घरी येऊन मुलीची वही बंद करतो. हा दुटप्पीपणा आमच्याही घरांत झाला आहे, म्हणून हे लिहिताना दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचा आम्हांला हक्क नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, समाजाची प्रगती मी त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. ते माप त्यांनी आपल्या हातात दिले आहे. रविवारी विहारात बसल्यावर एकदा प्रत्येकाने ते आपल्या घराला लावून पाहावे.

एक साधे काम सुचवितो. प्रत्येक विहार समितीने आपल्या वस्तीतल्या सातवी ते बारावीच्या मुलींची वही करावी. कोणती मुलगी शाळेत येईनाशी झाली, ते जूनमध्ये आणि दिवाळीनंतर पाहावे. जी थांबली तिच्या घरी दोन बायांनी जावे, भाषण न करता बसावे आणि अडचण विचारावी. फी असेल तर वर्गणी काढावी. घरकाम असेल तर बापाशी बोलावे. लहुजी आणि राणबा पावणेदोनशे वर्षांपूर्वी हेच करीत दारोदार फिरले होते.

आणि ज्या मुलीने माईकवर तो प्रश्न विचारला, तिला आमचे उत्तर असे आहे. बाळ, सावित्रीबाईंना जोतिबांनी शिकविले आणि परक्या मुलुखातून आलेल्या बायांनीही शिकविले. त्या बायांचे आपण आभार मानू. पण त्यांच्या शाळा आपण कायम राहतील म्हणून बसलो असतो तर तू आज माईकवर नसतीस. कोणीतरी शिकले, आणि मग आपल्या वस्तीत परत येऊन दुसऱ्याला शिकविले, म्हणून तू इथवर आलीस. तू नववीत आहेस. शेजारच्या खोलीतली दुसरीतली पोर अजून जोडाक्षरात अडते. संध्याकाळी अर्धा तास तिला घेऊन बस. पुढच्या ३ जानेवारीला तिला कोणी विचारले की, "तुला कोणी शिकवलं?" तर तिने तुझे नाव सांगावे.

जय भीम.